जुन्या सॅक्सोफोनची मूळ झिलई

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे घरोघरी एक काम ठरलेले असते. गुढीवर पालथा घालावयाचा तांब्या माळ्यावरून खाली येतो आणि चिंच व रांगोळी लावून लखलखीत होईपर्यंत घासला जातो. भांडे काळवंडलेले दिसले की घर आळशी, असा आपला पिढ्यान् पिढ्यांचा समज आहे. आजच्या विषयाचा आरंभ आम्ही या तांब्यापासून करतो याचे कारण एवढेच की, जी गोष्ट तांब्याच्या बाबतीत गुण समजली जाते तीच एका पितळी वाद्याच्या बाबतीत न भरून येणारे नुकसान ठरते. ते वाद्य म्हणजे सॅक्सोफोन.

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांच्या हाती आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जगात असे काही संग्राहक आहेत की जे जुने, दुर्मिळ सॅक्सोफोन जमवितात आणि एखादे वाद्य हाती आले म्हणजे ते वाजवून पाहण्यापूर्वी भिंग घेऊन त्याच्या अंगावरची झिलई तपासतात. कारखान्यातून बाहेर पडताना होती ती हीच, की मागाहून कोणी चढविलेली? या एका प्रश्नाच्या उत्तरावर वाद्याची किंमत पुष्कळ खाली-वर होते. हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे काय, असे कोणी विचारील. आरंभी आम्हांसही तसेच वाटले होते. परंतु जरा खोलात गेल्यावर ध्यानी आले की, जुन्या वस्तूंविषयी खरे काय आणि खोटे काय हे कसे ओळखावे, याचा चांगला धडा या लहानशा विषयात आहे.

प्रथम वाद्याची थोडी ओळख करून घेऊ. सॅक्सोफोनचा जनक अडॉल्फ सॅक्स हा १८१४ साली बेल्जममधील दिनां या गावी जन्मला. त्याचा बापही वाद्ये बनविणारा. पुढे अडॉल्फ पॅरिसला गेला आणि १८४६ साली त्याने आपल्या या नव्या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी शास्त्रकार याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत करतात; कारण यातील नाद क्लॅरिनेटप्रमाणे वेताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून निघतो. लाकडी वाद्यांची चपळाई आणि पितळी वाद्यांचा दणदणीतपणा एकत्र आणावा, ही त्याची कल्पना होती. कल्पना यशस्वी झाली, पण कल्पक यशस्वी झाला नाही. कोर्टकज्जे आणि कर्ज यांत त्याचे दिवाळे तीन वेळा निघाले. १८६६ साली पेटंटची मुदत संपली, इतर कारखानदार तेच वाद्य बनवू लागले, आणि १८९४ साली सॅक्स पॅरिसमध्ये वारला.

त्याच्या स्वतःच्या कारखान्यातील वाद्ये आज प्रामुख्याने संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांच्या कर्ण्यावर, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडावर, त्याचे नाव आणि पॅरिसमधील पत्ता कोरलेला असतो. काहींवर, आपण बादशहाच्या लष्करी खात्याचे वाद्यनिर्माते आहोत, अशी बिरुदावलीही असते. हा बादशहा म्हणजे तिसरा नेपोलियन. तो गादीवर आला १८५२ साली. तेव्हा अशी अक्षरे असलेले वाद्य त्याच्या आधीचे असू शकत नाही, हे उघड झाले. चार ओळींची कोरीव अक्षरे आपणांस एक तारीख सांगून जातात. आता कल्पना करा की, कोणा हौशी मालकाने ते वाद्य चाकावर धरून चकचकीत केले आणि त्या घर्षणात ती अक्षरे पुसट झाली. वाद्य सुंदर दिसू लागले खरे, पण त्याची जन्मपत्रिका गेली. या विषयाचे सारे मर्म एवढ्यात आहे.

आता झिलईचे प्रकार पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी सॅक्सोफोनचे मोठे माहेर अमेरिकेत होते. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट या एका गावात कॉन, बुशर आणि मार्टिन असे तीन नामांकित कारखाने होते. क्लीव्हलंड शहरात किंग या नावाची वाद्ये बनविणारा एच. एन. व्हाइट यांचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेत या वाद्याचे वेडच पसरले. त्या काळी ग्राहकापुढे मुख्यतः तीन पर्याय असत. सर्वांत स्वस्त म्हणजे नुसते घासलेले पितळ. त्याहून वरचा चांदीचा मुलामा. आणि फार श्रीमंती दाखवावयाची असेल तर चांदीवर पुन्हा सोन्याचा. चांदीचे वाद्य पुष्कळदा सबंध चकचकीत नसे. अंगावर बारीक वाळूचा मारा करून त्याला साईसारखा मंद पोत देत, कडा तेवढ्या चकचकीत ठेवीत आणि कर्ण्याच्या आतून सोन्याचा हलका हात फिरवीत.

लॅकर, म्हणजे पितळेवर फवारावयाचा पारदर्शक किंवा सोनेरी छटेचा लेप, याचे प्रस्थ त्यानंतर, १९३० च्या सुमारास वाढले. यातून परीक्षकाला पहिले साधन मिळते. १९२२ सालचे म्हणून दाखविलेले वाद्य जर सोनेरी लॅकरने चमकत असेल, तर तो लेप बहुधा मागाहूनचा आहे, हे वाद्याला हात न लावताही सांगता येते. घरावरील शिलालेख यादवकालीन आणि भिंतीला सिमेंट, अशातलाच तो प्रकार.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे. त्या वेडाच्या काळात ‘सी मेलडी’ नावाचा एक सॅक्सोफोन घरोघरी गेला. पियानोसाठी छापलेली स्वरलिपी समोर ठेवून तो जशीच्या तशी वाजविता येई, ही त्याची सोय. शंभर वर्षे झाली तरी ही वाद्ये आजही ढिगाने आढळतात आणि त्यांना फारसा भाव येत नाही. याच्या उलट कॉन कंपनीने १९२८ च्या सुमारास ‘कॉन-ओ-सॅक्स’ नावाचे एक सरळ नळीचे, टोकाला फुगीर गोळा असलेले वाद्य काढले. ते बाजारात चालले नाही आणि लवकरच बंद पडले. आज संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. बाजाराने नाकारलेली वस्तूच पुढे दुर्मिळ व्हावी, हा दैवदुर्विलास संग्राहकांच्या जगात पदोपदी दिसतो.

असो. आता मूळ झिलई जाते कशी ते पाहू. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत अशी चाल होती की, दहा-पंधरा वर्षे वाजविलेले वाद्य दुरुस्तीस गेले म्हणजे पॅड बदलण्याबरोबर त्याला नवे लॅकरही चढवावयाचे. यात लबाडी काहीच नव्हती. आपण खुर्चीला पॉलिश करून घेतो तसेच ते होते. परंतु ही क्रिया कशी होते हे समजून घेतले पाहिजे. आधी वाद्याच्या सगळ्या चाव्या सोडवितात. रसायनात बुडवून जुना लेप काढतात. पोचे ठोकून सरळ करतात. मग वेगाने फिरणाऱ्या कापडी चाकावर घर्षणाचा मसाला लावून ते अंग घासतात आणि शेवटी नवा लेप फवारतात. यातील नुकसानीची पायरी ती घासण्याची. चाक नुसता मळ काढीत नाही. त्याबरोबर धातूही जातो. एका वेळी जातो तो केसाहूनही कमी, पण कोरीव नक्षीची खोली तरी अशी कितीशी असते?

पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम ज्यांनी पाहिले असेल त्यांस ही गोष्ट लगेच पटेल. भांड्यावर हातोडीने एकास एक लागून उठविलेले ते ठोके ही कारागिराच्या हाताची खूण असते. ते भांडे चाकावर धरून गुळगुळीत केले तर भांडे राहील, पण तांबट त्यातून निघून जाईल.

तेव्हा परीक्षकाने पाहावयाचे ते काय? आमच्या समजुतीप्रमाणे सात गोष्टी पाहाव्यात.

पहिली, अनुक्रमांक. बहुतेक कारखाने वाद्याच्या पाठीमागे, अंगठा टेकतो त्याच्या जवळपास, आकडे ठोकीत. आकड्यांच्या कडा बोटाला लागाव्यात इतक्या तीक्ष्ण हव्यात. आकडे मेणावर उमटल्यासारखे मऊ दिसले की चाक फिरले असे समजावे.

दुसरी, कर्ण्यावरील नक्षी. फुले, वेली, स्त्रीचे मुख अशा आकृती कारागीर हाताने कोरीत. बारीक रेषा नाहीशा होऊन जाड रेषा तेवढ्या उरल्या असतील तर ती घासण्याची खूण. काही कारखान्यांत लेप दिल्यानंतर नक्षी कोरीत. तेथे रेषेतील पितळ उघडे राहून कालांतराने काळपट पडते. अशा वाद्याच्या नक्षीवरूनही लेपाचा सलग थर गेलेला दिसला, तर तो थर मागाहूनचा. मात्र इतर काही ठिकाणी आधी कोरून मग लेप देत. म्हणून कोणत्या कारखान्याची कोणती रीत, हे ठाऊक नसता या खुणेवर निकाल देऊ नये.

तिसरी, कडा. चाव्या ज्या लहान खांबांवर बसतात त्यांच्या, तसेच स्क्रूच्या डोक्यावरील खाचांच्या कडा मूळ वाद्यात धारदार असतात. चाक त्यांना साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे गोल करून सोडते.

चौथी, अडचणीच्या जागा. चाव्यांच्या खाली आणि दोन खांबांच्या बेचक्यात चाक नीट पोहोचत नाही. तेथे जुन्या लेपाचे किंवा चांदीचे अवशेष सापडतात. कधी चाकाच्या मसाल्याचा वाळलेला गाळही सापडतो. घर झाडणारा मनुष्य कोपरे विसरतो आणि कोपराच त्याची चहाडी करतो.

पाचवी, झीज. डावा तळवा जेथे टेकतो, उजवा अंगठा जेथे भार पेलतो, वादकाच्या कपड्यांना वाद्याची जी बाजू घासते, तेथे मूळ लेप उडालेला असणे स्वाभाविक आहे. ऐंशी वर्षांच्या वाद्यावर हात लागण्याच्या जागाही कोऱ्या असतील, तर एक तर ते वाजलेलेच नाही किंवा त्याला नवा अंगरखा मिळाला आहे. उलट जेथे कोणाचा हात जाण्याचे कारण नाही तेथेच लेप उडालेला दिसला, तर त्याचाही जाब विचारला पाहिजे.

सहावी, डाख. खांब निखळला तर तो डाख देऊन बसवितात आणि त्या आचेने भोवतालचा लेप जळतो. म्हणून डाख उघड उघड दुरुस्तीचा, पण भोवतालचा लेप निर्दोष, असे दिसले की लेप डाखानंतरचा आहे हे सिद्ध झाले. आम्हांस ही खूण सर्वांत समाधानकारक वाटते, कारण येथे अनुमानाला फाटे फुटत नाहीत.

सातवी, मान. मुख्य अंग आणि माउथपीस यांना जोडणारी वाकडी नळी ती मान. ही सुटी निघते, म्हणून हरवते, बदलली जाते. सेल्मरच्या काही काळच्या वाद्यांत मानेवरही अंगावरचाच अनुक्रमांक असे. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. मानेचा रंग अंगाहून निराळा दिसला तर चौकशी करावी.

यांतील कोणतीही एक खूण पुरेशी नाही. न्यायालयात एका साक्षीदारावर सहसा निकाल देत नाहीत, तसेच हे आहे. सातांपैकी पाच एकाच बाजूने बोलू लागले म्हणजे मत बनवावे. काही डाग तर मुळीच साक्ष देत नाहीत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ओल आणि घाम यांमुळे कधी कधी जस्त निघून जाते, तांबे मागे राहते आणि लालसर ठिपके दिसतात. हा धातूचा रोग आहे. झिलई मूळची की नवी याच्याशी त्याचा संबंध नाही.

कसलेल्या परीक्षकालाही चकविणारी उदाहरणे आहेत. पॅरिसच्या सेल्मर कंपनीचे १९५४ साली निघालेले ‘मार्क सहा’ हे वाद्य संग्राहक आणि वादक या दोघांचेही लाडके. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते निघत होते. अमेरिकेसाठीची पुष्कळ वाद्ये फ्रान्समधून तशीच जात. त्यांची जुळणी, नक्षी आणि लॅकर एल्कहार्टला होई. युरोपात विकावयाची वाद्ये फ्रान्समध्येच पुरी होत. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन वाद्यांची छटा निराळी, नक्षी निराळी, आणि तरी दोन्ही मूळची, असे घडते. ज्याने एकच प्रकार पाहिला आहे तो दुसऱ्याला खोटा ठरवून मोकळा होतो. तसेच काही वाद्ये नव्या लेपासाठी मूळ कारखान्यातच परत जात. तोच कारखाना, तसाच लेप. मग ओळखावे कसे? येथे लेपाचा रंग उपयोगी पडत नाही, धातूच्या कडा तेवढ्या बोलतात.

अलीकडे उलटी तऱ्हाही दिसते. उघड्या, काळवंडलेल्या पितळेची आवड निघाल्यामुळे नव्या वाद्यांनाही रसायनाने जुनेपण देतात आणि जुन्यांचा शिल्लक लेप मुद्दाम काढून टाकतात. पूर्वी म्हातारा तरुण दिसू पाहत होता, आता तरुण म्हातारा दिसू पाहतो.

आता कोणाही वादकाच्या ओठावर येणारा प्रश्न घेऊ. या झिलईने आवाजात फरक पडतो काय? पडतो असे पुष्कळ वादक शपथेवर सांगतात. परंतु सुषिर वाद्यात नाद निर्माण होतो तो आतील हवेच्या स्तंभात. जॉन कोल्टमन या अमेरिकी संशोधकाने १९७१ साली चांदी, तांबे आणि लाकूड अशा तीन पदार्थांच्या, आतून एकाच मापाच्या बासऱ्या घेऊन प्रयोग केला. ऐकणाऱ्यांना आणि वाजविणाऱ्यांनाही आवाजावरून त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. सबंध नळीचा पदार्थ बदलून ही स्थिती, तर कागदाहून पातळ लेपाची काय कथा! नुकसान होते ते दुसऱ्याच वाटेने. चाकाने स्वररंध्रांच्या काठांची सपाटी बिघडली तर पॅड नीट बसत नाही, हवा निसटते आणि वाद्य कण्हू लागते. दोष लेपाचा नसतो, घासण्याचा असतो.

याचा एक बोलका दाखला आहे. चार्ली पार्कर या थोर जाझवादकाने १५ मे १९५३ रोजी टोरंटो शहरातील मॅसी हॉलमध्ये जे वादन केले ते ग्राफ्टन नावाच्या इंग्रजी सॅक्सोफोनवर. त्याचे अंग पांढुरक्या प्लॅस्टिकचे होते. सोने नाही, चांदी नाही, लॅकरही नाही. ती मैफल आजही रसिक ऐकतात. १९९४ साली लंडनमध्ये पार्करच्या ग्राफ्टनचा लिलाव झाला तेव्हा त्याला ९३,५०० पौंड आले आणि ते कॅन्सस सिटीला, संग्रहालयासाठी नेण्यात आले. हे पैसे कोणी प्लॅस्टिकला दिले नाहीत. पार्करच्या हातून आलेल्या वस्तूला दिले, आणि ती तीच वस्तू आहे या खात्रीला दिले.

मूळ झिलईचे मोल आम्ही याच न्यायाने करतो. ती अधिक सुंदर असते असे नाही, तिने स्वर गोड होतो असेही नाही. कारखान्यातील कारागीर आणि आपण यांच्यामध्ये तिसरा हात आलेला नाही, याची ती ग्वाही आहे. पोचा काढता येतो, पॅड नवे घालता येते, हरवलेली चावीही घडविता येते. गेलेला धातू तेवढा परत येत नाही. म्हणून ज्याला वाजवावयाचे आहे त्याने नव्या लेपाचे, पण निर्दोष वाद्य आनंदाने घ्यावे. त्याला ते स्वस्तही पडेल. विकणाऱ्याने मात्र नव्या लेपाला नवा म्हणावे. मूळ लॅकर नव्वद टक्के, असे जेव्हा विक्रेता म्हणतो, तेव्हा उरलेले दहा टक्के उडाले आहे असा त्याचा अर्थ असतो. उरलेल्या दहा टक्क्यांवर गुपचूप हात फिरविला आहे असा नव्हे. या धंद्यातील अब्रू एवढ्या एका वाक्यावर उभी आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. १९३५ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक लिऑन ॲबी यांचा जाझवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला. त्या सुमारापासून गोव्याच्या कितीतरी वादकांनी मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत सॅक्सोफोन घुमविला. मनोहारी सिंग (१९३१-२०१०) यांचा सॅक्सोफोन ज्यांनी चित्रपटगीतांत ऐकला नाही असा मनुष्य आपल्यात विरळा. कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांनी तर याच वाद्यावर कर्नाटक संगीताचे राग गाजविले. अशा वादकांच्या पिढीची वाद्ये कोठे ना कोठे नातवंडांच्या घरी, जुन्या मखमली पेटीत पडून असतील. एखाद्या दिवशी ती पेटी उघडते, आतील काळवंडलेले पितळ दिसते, आणि आजोबांविषयीच्या प्रेमानेच कोणीतरी चिंच आणावयास धावते.

त्या घटकेला हात आवरावा, एवढेच आमचे मागणे आहे. चिंच नको, लिंबू नको, भांडी घासण्याची पूड तर मुळीच नको. मऊ कोरड्या फडक्याने धूळ तेवढी पुसावी. अनुक्रमांक आणि नक्षी यांची छायाचित्रे घ्यावीत. आजोबा हे वाद्य कोठे आणि कोणाबरोबर वाजवीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून पेटीत ठेवावे. मग जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे आणि पहिलेच वाक्य सांगावे, “वाजते करा, पण चाकावर धरू नका.” अंगठ्याच्या जागी उडालेला लेप तसाच असू द्यावा. तो आजोबांच्या अंगठ्याने उडालेला आहे.

पाडव्याचा तांब्या मात्र खुशाल घासावा. त्याच्यावर कोणाची सही नाही.